खाल्ल्या मिठाला जागलेली गाडी

माझं बालपण रत्नागिरीजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गेलं. आमच्या खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी खरवडून रंगवावे लागत. बाबांच्या बजाज स्कूटरचा पाय ठेवायचा पत्रा इतका कुसला होता, की शेवटी शेवटी त्यातून खालचा रस्ता दिसायचा आणि पावसाळ्यात बाबांचे पाय खालून भिजायचे. सायकलची चेन, दाराची कडी, आजीची पत्र्याची ट्रंक, खारं वारं कशालाच सोडत नाही, हे मला बाराखडीच्या आधी ठाऊक होतं. हे सगळं सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात 'मला काय माहीत' म्हणायची सोय मला नाही.

आता राहतो इंग्लंडात, मिल्टन कीन्सला. या गावात शंभराहून जास्त राउंडअबाउट आहेत. येणारा पाहुणा तिसऱ्या वर्तुळाला वैतागतो, पण गाडीचं वेड असलेल्या माणसाला त्यात वेगळंच काही दिसतं. माझी चाळिशी उलटली, मुलं आपापल्या पायांनी शाळेत जायला लागली, आणि मला शनिवार-रविवारसाठी एक वेगळी गाडी हवीशी वाटू लागली. रोजची गाडी कामाची, ही खेळण्यातली. जपानी, जुनी, गियरची.

जपानीच का, हे इंग्लंडात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जपान, इंग्लंड आणि भारत, तिन्हीकडे गाडी डाव्या बाजूने चालते आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. त्यामुळे इथे विकलेल्या जपानी गाड्यांच्या जोडीला थेट जपानहून आणलेल्या जुन्या गाड्याही भरपूर मिळतात. जपानमध्ये 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी असते. गाडी जुनी होत जाते तसा तिचा खर्च लोकांना जड वाटायला लागतो आणि चांगल्या चालत्या गाड्या जहाजात चढतात.

माझी पहिली नजर गेली माझदा आरएक्स-८वर. रत्नागिरीला व्हॉट्सॲपवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "माझदा? ती स्वराज माझदा? अरे, शाळेची पोरं भरून न्यायची ती गाडी?" मी त्यांना सांगितलं की तीच कंपनी, आणि नाव पारशांच्या अहुर माझदाशी जोडलेलं. "मग महाग असणार," एवढंच ते म्हणाले.

आरएक्स-८ निवडायचं कारण अगदी घरगुती होतं. तिला चार सीटा आहेत. मागची दोन छोटी दारं उलट बाजूने, कपाटासारखी उघडतात. त्यामुळे बायकोसमोर 'ही तशी फॅमिली गाडीच आहे' असं म्हणायला तोंड राहतं. बायकोने फोटो पाहिला आणि विचारलं, "अरे, पण कुठल्या फॅमिलीची?"

या गाडीचं इंजिन जगावेगळं. पिस्टन नाहीतच. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर चपट्या कोठडीत गरगरत राहतो. असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, मिळून अवघं १३०८. तरीही जास्त ताकदीच्या मॉडेलला २३१ हॉर्सपॉवर आणि मिनिटाला ९००० फेऱ्या. कल्पना जर्मन, फेलिक्स वँकेल यांची. पण ती टिकवली हिरोशिमाच्या माझदाने. केनिची यामामोतो आणि त्यांच्या ४७ इंजिनिअरांनी साठच्या दशकात या इंजिनाशी झुंज घेतली. रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या कोठडीच्या भिंतीवर ओरखडे काढायच्या. त्या ओरखड्यांना त्यांनी 'सैतानाच्या नखांच्या खुणा' असं नाव दिलं होतं. १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली आणि १९९१ मध्ये चार रोटरच्या माझदाने ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. इतकं वाचल्यावर माणसाला ते इंजिन हवंच असं होतं. माझंही झालं.

सुदैवाने माझा एक सोलापूरचा मित्र इथे गाड्यांच्या चाचणीच्याच नोकरीत आहे. तो म्हणाला, "गार गाडी कुणीही सुरू करून दाखवेल. हिला गरम कर, बंद कर, आणि मग सुरू होते का बघ."

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एरवी जुनी गाडी बघायला गेलात आणि इंजिन आधीच गरम असेल तर सावध व्हायचं, कारण गार इंजिन सुरू करताना जे धूर आणि खडखडाट दिसतात ते लपवायला विकणारा आधीच ती फिरवून आणतो. रोटरी इंजिनात उलटं. त्या टोकांच्या पट्ट्या आणि बाजूची सीलं झिजली की दाब कमी होतो, आणि हा अशक्तपणा इंजिन तापल्यावर उघडा पडतो. नेहमीचं दाब मोजायचं मीटरही इथे उपयोगाचं नाही. प्रत्येक रोटरला तीन बाजू, म्हणून तीन वेगळे आकडे दाखवणारं खास यंत्र लागतं. वर हे इंजिन पट्ट्यांना वंगण म्हणून मुद्दामच थोडं ऑइल आत सोडून जाळतं, म्हणजे ऑइल कमी होणं हा बिघाड नव्हे, ते वेळच्या वेळी न बघणं हा मालकाचा गुन्हा. आणि गाडी अंगणातून दहा फूट मागे घेऊन लगेच बंद करायची नाही. पेट्रोल आत साचून पुढच्या वेळी ती सुरूच होत नाही. थोडक्यात, ही गाडी पाळायची असते, नुसती ठेवायची नसते.

आम्ही बेडफर्डजवळ एक बघायला गेलो. निळी, देखणी. वीस मिनिटं फिरवली, मी प्रेमात. मित्राने पेट्रोल पंपाजवळ बंद करायला लावली, पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि किल्ली फिरवली. स्टार्टर फिरत राहिला. फिरतच राहिला. "बॅटरी जुनी झालीय," विकणारा म्हणाला. इंजिन पुन्हा बांधायचा खर्च हजारो पौंडांचा, गाडीच्या किमतीहून जास्त. आम्ही चहासुद्धा न घेता परतलो.

त्या परतीच्या वाटेवर मी स्वतःवर जितका खूश होतो तितका आयुष्यात क्वचितच असेन. माझ्या पुढच्या फसवणुकीचं बी त्याच खुशीत होतं. एका नावाजलेल्या सापळ्यातून सुटलो, म्हणजे आपल्याला गाड्या कळायला लागल्या असं मी धरून चाललो.

मधल्या काळात बाकीच्या गाड्यांची नावं यादीत येऊन गेली. होंडा एस२००० चं इंजिन म्हणजे चमत्कार, दोन लिटरमधून २४० हॉर्सपॉवर, पण तिचे भाव आता संग्राहकांचे झालेत. सिव्हिक टाइप आर, २००१ ते २००५ची, जपानी नावाची पण इथल्याच स्विंडनच्या कारखान्यात बनलेली. चांगली गाडी, मात्र मी पाहिलेल्या प्रत्येक गाडीला कुणीतरी काहीतरी जोडलेलं होतं. सुबारू इम्प्रेझा टर्बोच्या विम्याचा आकडा ऐकून मी फोन ठेवला. टोयोटाची तिसऱ्या पिढीची एमआर२ आवडली होती. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत इंजिनालगत छोटे कॅटलिस्ट असतात, ते चुरा होऊन इंजिनात ओढले जाऊ शकतात, हे वाचलं आणि आरएक्स-८चा अनुभव ताजा असल्यामुळे लगेच मागे हटलो. आता वाटतं, ती दुरुस्तीची पावती असलेली मिळाली असती तर घ्यायला हवी होती.

राहिली एमएक्स-५. दोन सीटा, उघडं छप्पर, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना जोर. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. साठच्या दशकातल्या इंग्रजी लोटस एलानचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवून जपान्यांनी अशी गाडी बनवली जी पावसात बंद पडत नाही. २०१६ साली दहा लाखावी एमएक्स-५ बाहेर पडली. गाडी आणि चालवणारा एकरूप होण्याला जपानी 'जिंबा इत्ताई' म्हणतात, घोडा आणि स्वार एकजीव. आपल्याकडे मांड पक्की बसली म्हणतात, तसंच. ताकद बेताची, वजन टनाच्या आसपास, त्यामुळे ताशी चाळीस मैलांवरही चेहऱ्यावर हसू येतं. शिवाय साधं चार सिलिंडरचं इंजिन, सुटे भाग स्वस्त, हवे तितके. 'यात बिघडायचं काय?' मी मित्राला म्हणालो. मित्राने मान डोलावली. तो इंजिनांचा माणूस.

आणि इथे पाडवा आडवा आला.

२०२२ चा गुढीपाडवा नेमका शनिवारी, २ एप्रिलला होता. साडेतीन मुहूर्तांतला एक, तोही सुट्टीच्या दिवशी, आणि गाडी घ्यायची आहे, मग थांबायचं कशाला? जाहिरातीत सापडली २००३ ची एमएक्स-५, लाल, १.८ लिटर, किंमत २६०० पौंड. गाडी होती नॉरफोकच्या किनाऱ्यावरच्या एका गावात. संध्याकाळी आमच्याकडे मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता, वेळेत परतायचं होतं, म्हणून मी सकाळीच पांढराशुभ्र कुडता चढवून मित्राला घेऊन निघालो. अडीच-तीन तासांनी समुद्राचा वास आला. धक्क्यावर खेकडे विकायला होते, खिडक्यांच्या चौकटींवर गंजाचे ओघळ होते. मला अगदी घरच्यासारखं वाटलं. त्या घरच्यासारखं वाटण्यात जी सूचना दडलेली होती ती मात्र डोक्यात शिरली नाही.

विकणाऱ्याने गाडी नुकतीच धुऊन ठेवली होती. ओली गाडी चमकते. रंगातले फरक, जुनी डागडुजी ओलाव्याखाली दिसत नाही. आणि ओल्या गाडीखालची जमीनही ओली असते. पांढऱ्या कुडत्यातला माणूस तिथे आडवा होत नाही. ते त्याने मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. कुडता मी घातला होता.

इंजिन गार होतं. मित्राने कान लावून ऐकलं, ऑइल पाहिलं, चारही सिलिंडरांचा दाब मोजला. चारही आकडे जवळजवळ सारखे. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती होती. गियर लोण्यात सुरी फिरावी तसे पडत होते. छप्पर आठ सेकंदांत हाताने मागे टाकलं, किनाऱ्याच्या रस्त्याने दहा मैल फिरलो, वारा कानात, कुडत्याची बाही फडफडतेय. परतल्यावर मी शंभर पौंड कमी करा म्हटलं, तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच की तेव्हाच थांबायला हवं होतं. संध्याकाळी मंडळाच्या हॉलबाहेर गाडीला हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. सगळ्यांनी फोटो काढले.

उन्हाळा सोन्यासारखा गेला. हे प्रामाणिकपणे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल इतका त्रास कशासाठी. बायको, जी 'कुठली फॅमिली' म्हणाली होती, तीच रविवारी सकाळी डोक्याला ओढणी बांधून आधी गाडीत जाऊन बसायची.

नोव्हेंबरात एमओटी आली. इथे तीन वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात. तपासणाऱ्याने मला खाली बोलावलं. गाडी वर उचललेली. त्याने डाव्या दाराच्या खालच्या कडेला, मागच्या चाकाच्या अलीकडे, छोट्या हातोडीने टकटक केली. पुढे टणटण वाजत होतं, मागे बद्द. मग हातोडीचं टोक आत गेलं. जोर न लावता, भिजलेल्या पुठ्ठ्यात जावं तसं. गाडीच्या दोन्ही बाजूंना दाराखाली जो पोकळ लोखंडी कणा असतो, सिल म्हणतात त्याला, तो कुसला होता. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे पत्र्याला घट्ट बसवलेले असतात, त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा असा कमकुवत झाला, की गाडी नापास. आमची दोन्ही बाजूंनी नापास. पुढे इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी जाणारे चासीचे दोन हात, तिथेही हीच कथा.

वेल्डिंगवाल्याने ग्राइंडर लावला तेव्हा मी मुद्दाम थांबलो. वर नवा काळा डांबरी थर. त्याखाली आपल्याकडचे डेंटिंग-पेंटिंगवाले ज्याला लांबी भरणं म्हणतात, ती बोटभर जाडीची पुट्टी. त्याखाली फुगणारा फोम. आणि आत, पोकळीत, काळी ओली माती आणि कुजलेली पानं, एखाद्या फणसाच्या झाडाखालच्या पातेऱ्यासारखी. त्या वासाने मी क्षणभर पावसाळ्यातल्या आमच्या परसात होतो.

झालं होतं असं. कापडी छपरावरचं पाणी मागच्या बाजूच्या दोन भोकांतून खाली उतरतं आणि मागच्या चाकापुढे जमिनीवर पडतं. वर्षानुवर्षं झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीत ही भोकं पानांनी बुजतात. पाणी सिलमध्ये मुरतं. हा आतला हल्ला. बाहेरून येतं ते मीठ. हिवाळ्यात रस्त्यावरचं पाणी गोठू नये म्हणून इथे रात्री मिठाचे ट्रक फिरतात. चेशरमधल्या विन्सफर्डला जमिनीखाली देशातली सगळ्यात मोठी खडेमिठाची खाण आहे. असलं तपकिरी मीठ रस्त्यावर, तिथून चाकांवर, तिथून पत्र्याच्या प्रत्येक सांध्यात. माझ्या गाडीने अशी जवळजवळ वीस वर्षं मीठ खाल्लं होतं, वर समुद्राचं वारं बोनस. बनवणाऱ्याला यात काय बोल लावणार! आणि मी, ज्याच्या बापाच्या स्कूटरला भोक होतं, तो इंजिनाचे ठोके ऐकत उभा राहिलो.

खर्च १९०० पौंड. २५०० ची गाडी ४४०० ला पडली, आणि त्याच आठवड्यात एक तळापासून नीट राखलेली एमएक्स-५ चार हजारांना विकली गेली. हा हिशोब मी घरी एकदाच सांगितला.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. उत्तर आधीपासून लिहून ठेवलेलं होतं, फुकट. गाडीचा नंबर टाकला की ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर २००५ पासूनच्या सगळ्या एमओटी दिसतात, मैलांच्या आकड्यांसकट. मी विकत घेण्याआधी पाहिल्याही होत्या. पण मी पाहिलं होतं 'पास, पास, पास', आणि मैल नीट चढत गेलेत का. बारीक अक्षरातले शेरे वाचले नव्हते. २०१९ : दोन्ही मागच्या सिलना गंज, अजून गंभीर नाही. २०२० : तोच शेरा. २०२१ : शेराच नाही. गंज स्वतःहून बरा होत नाही. शेरा गायब झाला आणि वेल्डिंगची पावती नाही, याचा अर्थ मधल्या काळात कुणीतरी त्यावर काहीतरी फासलं. तपासणाऱ्याला थर खरवडून काढायची किंवा प्लास्टिकची झाकणं काढायची मुभा नसते. त्याला दिसतं तेवढंच तो लिहितो. तेव्हा शेरे वाचताना काय आहे त्याबरोबर काय नाहीसं झालं तेही बघा. मी आता एखाद्या गाडीसाठी निघण्याआधी अर्धा तास नुसतं हेच वाचत बसतो, आणि दहातल्या सात गाड्या घरबसल्याच बाद होतात.

उरलेल्या तिघींसाठी बाहेर पडायचं तर जुने कपडे घाला. कोरड्या दिवशी जा. फोन करतानाच सांगा, की गाडी धुऊ नका आणि इंजिन सुरू करू नका. फोनवर गाडीचं नाव न घेता 'तुमच्या गाडीबद्दल बोलायचंय' एवढंच म्हणा. समोरून 'कुठली गाडी?' असं आलं, तर तो घरगुती विक्रेत्याच्या वेषातला व्यापारी समजा. हा भेद इथे पैशांचा आहे. व्यापाऱ्याकडून घेतलेली गाडी सदोष निघाली तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने तीस दिवसांत परत करता येते. घरगुती विक्रीत गाडी वर्णनाप्रमाणे असली की संपलं, बाकी जबाबदारी घेणाऱ्याची. मी घरगुती घेतली होती. त्याने जाहिरातीत पत्र्याबद्दल चकार शब्द लिहिला नव्हता, आणि मी विचारला नव्हता.

तिथे पोचल्यावर आधी आडवं व्हायचं, मग बाकीचं. टॉर्च, आणि फडक्यात गुंडाळलेलं एक लोहचुंबक जवळ हवं. चुंबक दाराखालच्या कडेवरून मागच्या चाकापर्यंत सरकवत न्या. जिथे ते पकड सोडतं तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पेचकसाच्या मुठीने हलकं वाजवा. आवाज बदलतो. कुंभाराचं मडकं वाजवून घेणाऱ्या माणसांना हे वेगळं शिकवायला नको. खालचा थर नवाकोरा काळा आणि बाकी गाडी वीस वर्षांची, तर तो थर कधी, कुणी आणि कशावर लावला ते विचारा. लावण्याआधीचे फोटो असतील तर उत्तम, नसतील तर गाडी सोडा. एमएक्स-५ असेल तर बाटलीभर पाणी छपराच्या मागच्या कोपऱ्यातल्या भोकात ओता आणि मागच्या चाकापुढे पडतं का बघा. सीटमागचा गालिचा दाबून बघा, ओल लागते का. दुसऱ्या पिढीच्या गाडीत, म्हणजे १९९८ ते २००५, चासीचे पुढचे हात खालून तपासल्याशिवाय पैशांची भाषा नको. तिथे पत्रा दुहेरी आहे, आत गेलेल्या पाण्याला वाट नाही. पहिल्या पिढीत हा त्रास नाही, पण सिलचा आहे, आणि त्या गाड्या आता महाग झाल्यात.

टायर बघा. चारही एकाच चांगल्या कंपनीचे असतील तर मालकाचा हात सैल होता असं समजा. चार तऱ्हेचे असतील तर त्याने ऑइलवरही असाच पैसा वाचवला असणार. टायरवर चार आकड्यांची तारीख असते. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. रविवारच्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. नक्षी नवीसारखी आणि रबर दगडासारखं. ओल्या राउंडअबाउटवर मागच्या चाकांना जोर असलेल्या गाडीत असल्या टायरांवर बसू नका.

कागद तपासायला थोडे पैसे लागतात, ते द्या. गाडीवर कर्ज बाकी आहे का आणि विमा कंपनीने ती कधी निकालात काढली होती का, हे त्यात कळतं. २०१७ च्या ऑक्टोबरपासून अशा गाड्यांना 'एस' आणि 'एन' असे शिक्के आहेत. 'एस' म्हणजे सांगाड्यालाच मार बसलेला. लॉगबुकवर नाव आहे म्हणून विकणारा मालक ठरत नाही, एवढं लक्षात असू द्या. गाडीला बाहेरून काही बसवलं असेल, सायलेन्सर, स्प्रिंगा, काहीही, तर विमा कंपनीला आधी सांगा. मला स्वतःला कुणी काही न जोडलेलीच गाडी पटते. एकविसाव्या वर्षी पोराने कापलेल्या स्प्रिंगा आपण पंचेचाळिसाव्या वर्षी का भोगायच्या?

जपानहून आणलेल्या गाड्यांबद्दल लोक विचारतात. त्यांचा पत्रा बऱ्याचदा खरंच चांगला असतो, पण जपानच्या थंड उत्तरेतही रस्त्यावर मीठ पडतं, तेव्हा तपासणी चुकत नाही. लिलावाचा मूळ कागद मागा. त्यावर गाडीचं चित्र आणि प्रत्येक ओरखड्याची खूण असते, आणि मोठी दुरुस्ती झालेल्या गाडीला 'आर' दर्जा असतो. मात्र ती इंग्लंडात येऊन किती हिवाळे झाले ते मोजा. आठ वर्षांपूर्वी आलेली 'ताजी जपानी' गाडी आता इथलीच झालेली असते.

पैशांचं माझं गणित आता असं आहे, की जितकी रक्कम ठरवली असेल तिच्या दोन तृतीयांशात गाडी शोधायची आणि उरलेली पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवायची. त्याहीपेक्षा बरं, सगळी रक्कम आधीच्या मालकाने खर्च करून झालेल्या गाडीत घालायची. वेल्डिंगच्या पावत्या, फोटो, टायर, सगळं त्याने केलेलं. असा माणूस गाडी दाखवताना कंटाळा येईपर्यंत बोलतो. त्याला बोलू द्या, आणि घासाघीस फार करू नका.

माझा पुण्याचा मावसभाऊ सध्या जुनी होंडा सिटी शोधतोय, २००० ते २००३ ची व्हीटेक, १.५ लिटर आणि १०६ हॉर्सपॉवर. भारतात जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी बाहेरून मागवणं नियमांमुळे आणि करांमुळे आपल्यासारख्याच्या आवाक्यातलं नाही, त्यामुळे आपल्या शौकिनांनी याच गाडीला डोक्यावर घेतलंय, आणि बरोबर घेतलंय. त्याने मला इंजिनाच्या आवाजाचा व्हिडिओ पाठवला. मी त्याला विचारलं, गाडी इतकी वर्षं कुठे होती? पुण्यात, की मुंबईत समुद्राला लागून? तळाचे फोटो कुठेत? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितलास का, त्यावर पुराच्या चिखलाची रेघ तर नाही? पंधरा वर्षं उलटलीत, तर आरटीओकडे नोंदणीचं नूतनीकरण कधीपर्यंत आहे? तो म्हणाला, "दादा, इंजिन तर ऐक." मी म्हटलं, "इंजिन मीही ऐकलं होतं."

गाडी अजून माझ्याकडेच आहे. सिलच्या आत मेणाचा थर मारून घेतलाय, भोकं दर शरद ऋतूत साफ करतो, आणि डिसेंबर ते मार्च ती रस्त्यावर काढत नाही. पुढच्या पाडव्याला कुणी गाडी घेणार असेल तर मुहूर्त जरूर साधा, पण तिच्याखाली आधीच्या आठवड्यात आडवे होऊन या. मिल्टन कीन्सच्या आसपास असाल तर मला हाक मारा. टॉर्च, चुंबक आणि जमिनीवर अंथरायला जुनी चादर, तिन्ही माझ्या डिकीत असतात.